धोंड्याच्या महिन्यातले तारामासे

समस्त सोयरे, व्याही, विहिणी, साडू, मेहुण्या आणि गल्लीतले हितचिंतक यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, अकोला मुक्कामी, जिथून समुद्र पाहायचा तर आधी आख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो, तिथे आमच्या सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत तारामासे निघाले आहेत. ते आकाराने तुरीच्या डाळीएवढे असून त्यांची संख्या वाढत आहे. ते उपकारी की उपद्रवी, याचा निकाल अधिक महिन्यात, धोंड्याच्या जेवणाच्या दिवशी, सासरे स्वतः देतील. निकाल विरुद्ध गेल्यास माशांची टाकी रिकामी करून गच्चीवर नेण्यात येईल व तीत कोथिंबीर लावण्यात येईल. सर्वांनी अगत्य येण्याचे करावे.

मजकूर सासऱ्यांचा आहे, मी फक्त इस्त्री फिरवली. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी टाकलं होतं ते असं: "धोंड्याच्या जेवनाच्या दिवशी टाकीचा फैसला. समद्यांनी या." खाली हात जोडल्याचं चित्र.

मी अमरावतीला हा निरोप वाचला आणि मला इतका आनंद झाला की बायकोने विचारलं, "कोणी वारलं का?"

आता पात्रपरिचय. सासऱ्यांचं अकोल्याला बी-बियाणं आणि कीटकनाशकांचं दुकान होतं. दुकान विकून बरीच वर्षं झाली, पण दुकान त्यांच्यातून गेलं नाही. त्यांच्या हिशेबी जगात जीव दोनच प्रकारचे: मित्रकीड आणि शत्रूकीड. ढालकिडा मित्र, बोंडअळी शत्रू. हा न्याय त्यांनी पुढे पाहुणे, शेजारी, डॉक्टर, नगरसेवक असा सर्वांना लावला. मी मोठा जावई. मी अमरावतीला राहतो, वर्षातून चार वेळा येतो, जेवतो, स्वयंपाकाची स्तुती करतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. म्हणून मी मित्रकीड. धाकटा जावई, म्हणजे माझा साडू, त्याच घरात राहतो. त्याचं वर्गीकरण अजून व्हायचं होतं.

साडू पुण्याचा. धाकटी मेहुणी अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवते. सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर म्हाताऱ्यांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून हा माणूस पुण्याचा फ्लॅट सोडून सासरी राहायला आला. कामाचं बाड म्हणजे एक लॅपटॉप. कंपनी परदेशातली, त्यामुळे तो रात्रभर जागून काम करायचा आणि सकाळी झोपायचा. सासऱ्यांना दवाखान्यात तोच न्यायचा, औषधं तोच आणायचा, कूलरची मोटर तोच दुरुस्त करायचा. पण सकाळी नऊ वाजता जावई झोपलेला आहे, हे दृश्य सासऱ्यांच्या छातीत ऑपरेशनपेक्षा जास्त दुखायचं.

"जो रात्री जागते आन् दिवसा झोपते," ते आल्यागेल्याला विचारायचे, "त्याले आमच्या धंद्यात काय म्हनतात, मालूम हाय?"

आल्यागेल्याला मालूम असायचं. साडूलाही असायचं, कारण तो पलीकडच्याच खोलीत झोपायचा प्रयत्न करत असायचा.

त्या घरात त्याची अशी एकच वस्तू होती. खाऱ्या पाण्याची टाकी. पुण्याहून टेम्पोत ती त्याने स्वतःच्या मांडीजवळ ठेवून आणली होती. आत दगड, दगडांवर पोवळी, दोन नारिंगी मासे, वर निळा दिवा. पोवळं म्हणजे अंगठीतला खडा एवढंच आमच्या वऱ्हाडात माहीत. जिवंत पोवळं पाण्यात फुलतं, मिटतं, खातं, हे सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी हात जोडले. मधोमध एक हिरवं पोवळं होतं, शर्टाच्या बटनांचा गठ्ठा असावा तसं. लग्नाच्या वर्षी त्याने ते नखाएवढं आणलं होतं. आता ते तळहाताएवढं झालं होतं. मेहुणी म्हणायची, "भाऊजी, आमचं पहिलं मूल ते." थट्टेने म्हणायची. पण त्यांना दुसरं नव्हतं, म्हणून त्या थट्टेला कोणी हसत नसे.

तर त्या टाकीच्या काचेवर उन्हाळ्याच्या तोंडाशी एके सकाळी सासऱ्यांना एक पांढुरका ठिपका दिसला. त्यांनी पुसायला बोट लावलं. ठिपका आतून होता. मग त्यांनी भिंग काढलं. हे भिंग साधं नाही. या भिंगातून त्यांनी उभी हयात कपाशीच्या पानामागचे तुडतुडे पाहिले, आणि पाहून शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणला. भिंगातून त्यांना पाच पाय दिसले. शेजारी दुसरा, त्याला सहा पाय. तिसऱ्याला एका बाजूला तीन मोठे आणि दुसऱ्या बाजूला तीन बारके.

"हे काय होय?" साडू दुपारी उठल्यावर त्यांनी विचारलं.

"तारामासे आहेत बाबा. बारीक जात. ॲस्टरिना. दगडासोबत येतात."

"काय खातात?"

"काचेवरचं शेवाळ. टाकी साफ ठेवतात उलट."

"पोवयाले नाई लागत?"

इथे पुण्याचा माणूस मार खातो. त्याला खरं बोलायची खोड. "काही जाती लागतात," तो म्हणाला, "पण या त्यातल्या नसाव्यात."

"म्हंजे काई जाती लागतात."

"हो, पण या—"

"लिहून देता?"

साडूने लिहून दिलं नाही. बस. त्या दिवशी खटला उभा राहिला.

"बोंडअळीबी पयले एकच दिसते, जवाईबापू," सासरे म्हणाले. "फुलात बसून राहते. गरीब दिसते बिचारी."

संध्याकाळी दोघांचेही मला फोन आले. साडू म्हणाला, "दादा, तुम्ही बाबांना समजवा ना." मी म्हणालो, अर्थात. मग सासरे म्हणाले, "मोठे जवाई, तुमी सांगा, काय करू?" मी गंभीर आवाज लावून म्हणालो, "आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली का?" किडीची संख्या अमुक पातळी ओलांडल्याशिवाय फवारणी करू नये, हे वाक्य त्यांच्या दुकानात भिंतीवर लावलेलं होतं, आणि त्या पातळीपर्यंत एकाही शेतकऱ्याला त्यांनी थांबू दिलं नव्हतं. "ओलांडन," ते म्हणाले, "ओलांडन लवकरच." मग मी साडूला फोन करून सांगितलं, की ठाम राहा, माघार घेऊ नकोस. दोन्हीकडे दारूगोळा पोचवून मी शांत झोपलो.

आणि मग हिरवं पोवळं मिटायला लागलं.

आधी कडेची बटनं मिटली. मग काही उघडलीच नाहीत. काही विरघळल्यासारखी झाली. आणि जिथे ती विरघळली, तिथे तारामासे येऊन बसले. सासऱ्यांनी भिंगातून पाहिलं आणि साडूला गदागदा हलवून उठवलं.

"उठा. शत्रू जागेवर सापडला."

"बाबा, मेलेलं असतं तिथं ते येतात. आधी मरतं, मग ते येतात."

"असं हाय का? गिधाडबी हेच सांगते."

साडूने पाणी तपासलं. मीठ जास्त निघालं. त्याने शुद्ध पाणी घालून ते उतरवलं; आठवड्याने परत जास्त. त्याच्याजवळ पुण्याहून आणलेली समुद्री मिठाची बादली होती, ते मोजून कालवायचं असतं. त्याने माप बदललं, मापायचं यंत्र बदललं. मीठ वाढतच राहिलं. शेवटी जेवताना तो आपणहून म्हणाला, "माझंच काहीतरी चुकतंय. मिश्रण नीट होत नाहीये."

सासऱ्यांनी भाकरीचा घास मोडता मोडता मान हलवली. "चुकतच असन."

इकडे त्यांनी वेचणी सुरू केली. अळ्या वेचून नष्ट कराव्यात, हाही भिंतीवरचाच सल्ला. साडू झोपला की लांब चिमटा घेऊन ते टाकीत हात घालायचे, तारामासा चिमटीत धरून ओढायचे. तो काचेला असा चिकटलेला असायचा की अर्धा चिमट्यात यायचा आणि अर्धा दगडामागे पडायचा. आलेला अर्धा ते बशीत ठेवून अडकित्त्याने कातरायचे. सुपारी कातरताना माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते असायचं.

"बाबा, तोडू नका," उठल्यावर बशी पाहून साडू हात जोडायचा. "हे स्वतःच स्वतःला फाडून वाढतात. अर्ध्याचा पुन्हा पूर्ण होतो."

"म्हंजे जित्ता ठेवला तं वाढते, मारला तं वाढते. भल्लं बेणं हाय!"

आणि खरंच वाढले. दगडामागे पडलेल्या प्रत्येक अर्ध्याने उरलेले पाय काढले. तेव्हाच तो फैसल्याचा निरोप ग्रुपवर पडला. गच्चीवर काळ्या मातीची दोन पोती चढवून ठेवल्याचा फोटोही मागाहून आला.

अशा वेळी सुज्ञ जावयाने काय करावं? मी तारामासे खाणारी कोळंबी आणली.

साडूनेच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, की हार्लेक्विन नावाची एक कोळंबी असते, ती आयुष्यभर तारामासा सोडून दुसरं काहीही खात नाही. मी हे तत्काळ सासऱ्यांना कळवलं. त्यांचा आवाज भरून आला. "मित्रकीड!" ते म्हणाले. नागपूरच्या एका दुकानातून मी ती मिळवली. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी, पाण्यात ती, आणि पिशवी माझ्या मांडीवर. मूर्तिजापूरच्या पुढे बसमधल्या शेजाऱ्याने विचारलं, "इंजेक्शन हाय का?" मी म्हणालो, "हो."

दिसायला काय सुंदर! दुधासारखं अंग, त्यावर जांभळे ठिपके, पुढे पानासारखे रुंद पंजे, ते एकमेकांसमोर असे डोलवत चालायची की जणू विडा देते आहे. टाकीत सोडल्यावर घरची सगळी मंडळी खुर्च्या लावून बसली. सासूबाईंनी चिवड्याची ताटली आणली. साडू दाराशी उभा होता. त्याच्याच तोंडून निघालेली माहिती होती. तो विरोध तरी कसा करणार?

तिने एक तारामासा शोधला. काचेवरून हलकेच सोडवला, उताणा केला. उताणा तारामासा म्हणजे पाठीवर पडलेलं कासव. पाय हलवतो, जात कुठेच नाही. मग एका पायाचं टोक तिने तोंडाशी धरलं आणि सुरुवात केली. टोकापासून. पोटाकडे जायची तिला मुळीच घाई नव्हती. पोट आधी खाल्लं तर जनावर मरतं आणि उरलेलं नासतं. टोकापासून खाल्लं तर ते शेवटपर्यंत ताजं राहतं. हे त्या कोळंबीला कोणत्याही कृषी विभागाने शिकवलेलं नव्हतं.

"जित्तं हाय अजून," सासूबाई पुढे वाकून म्हणाल्या. "पाय हालून राह्यला त्याचा."

"हालू दे. याले म्हनतात जैविक नियंत्रन," सासरे म्हणाले.

"कशी उसावानी खाऊन राह्यली, बापा," सासूबाई म्हणाल्या, आणि ताटली त्यांनी माझ्याकडे सरकवली. मी मूठभर चिवडा घेतला. साडू आत निघून गेला. एक पाय संपायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आम्ही दोन ताटल्या संपवल्या. मी आयुष्यात नाटकं पुष्कळ पाहिली, पण पहिल्या रांगेत बसून इतकं शांत, इतकं सलग काम पाहिलं नव्हतं.

पुढे अमरावतीला रोज बातमीपत्र यायचं. काचेवर दोन दिसले. एक दिसला. आज एकही नाही. सासऱ्यांनी ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग टाकली.

पोवळं मात्र मिटतच राहिलं. शत्रू संपला आणि पीक जळतच राहिलं. जाणत्या माणसाला इथे थांबून विचार करावासा वाटला असता. सासऱ्यांना वाटलं नाही, कारण त्यांच्या धंद्यात एका शत्रूने फरक पडला नाही तर दुसरा शोधायचा असतो.

मधल्या मध्ये कोळंबी उपाशी पडली. सासऱ्यांनी तिला आधी माशांचं खाणं दिलं, मग भिजवलेले पोहे, मग तुरीच्या डाळीचा दाणा, आकार तोच म्हणून. ती पंजे डोलवत दगडादगडावर फिरायची, रिकामी परत यायची. साडू म्हणाला, "बाबा, हिच्यासाठी एखादा तारामासा मागवतो. नाहीतर मरेल ही."

सासरे इतके हसले की सासूबाईंना पाणी आणावं लागलं. "शत्रूकीड इकत आनायची? मित्रकिडीले पोसाले? आइका! काम सरल्यावर बसून खायाले कोन देते कोनाले, जवाईबापू?"

मेहुणीने ताट ठेवलं आणि उठून गेली. साडू जेवत राहिला. काही दिवसांनी कोळंबी दगडाला टेकून पडलेली सापडली. रंग उतरला होता, ठिपके तेवढे राहिले होते. सासऱ्यांनी चिमट्याने बाहेर काढली, तळहातावर ठेवली आणि खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "बेकारीनं मेली."

आणि मग हिशेब पुरा केला. "तारे गेले. कोयंबी गेली. तरी पोवयं मरून राह्यलं. मंग टाकीजवय उरलं कोन?" विचारताना नजर साडूच्या खोलीकडे. "धोंड्याच्या जेवनानंतर टाकी गच्चीवर."

अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे जेवू घालायचे, त्याचे पाय धुवायचे, वाण द्यायचं, ही आपली रीत. मोठ्या जावयाला अमरावतीहून बोलावता येतं. पण घरातच राहणाऱ्या जावयाला बोलवायचं कुठून? सासऱ्यांनी यावर विचार करून ठेवला होता. "बाहिरून आल्याबिगर तो पाहुना कसा?" ते म्हणाले. म्हणून असं ठरलं, की साडूने सकाळी आंघोळ करून, नवा शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडायचं, आणि हाक मारली की पुढच्या दाराने यायचं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं. गल्लीच्या तोंडाशी, कडुनिंबाच्या बुडाशी, करकरीत पिवळ्या शर्टात साडू उभा. हातात रिकामी पिशवी. मी रिक्षा थांबवली. अशी संधी सोडणं हा मी अन्नाचा अपमान समजतो.

"काय पाहुणे," मी म्हणालो, "कुठून येणं झालं?"

"मागच्या दारातून," तो म्हणाला.

माझ्या बायकोने मला कोपराने असं ढोसलं की ती जागा आठवडाभर दुखत होती.

आत स्वयंपाकघरात सासूबाई हरभऱ्याची डाळ शिजवत होत्या. डाळ शिजली की पुरण, पुरण झालं की धोंडे. अकोल्याचा नळ काही रोज येत नाही. तो यायचा दिवस उद्या होता आणि पिंप तळाला गेलं होतं. माझी बायको आल्या आल्या पदर खोचून मदतीला लागली. बैठकीत कूलरमागे एक निळी कॅन तिला दिसली. भरलेली. तिने ती उचलून स्वयंपाकघरात नेली आणि कुकरमध्ये ओतली.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या. उघडला. डाळ जशीच्या तशी. पुन्हा लावला. आणखी शिट्ट्या. डाळ टणक, पिवळी, ठसठशीत, एकेक दाणा मोजून घ्यावा अशी. सासूबाईंनी एक दाणा दाताखाली धरला. मग ओंजळीत त्या कॅनमधलं पाणी घेऊन चाटून पाहिलं. आणि त्यांचा चेहरा पालटला. मी दारातच होतो. असा पालटलेला चेहरा मी फक्त रंगभूमीवर पाहिला आहे, तोही पडदा पडायच्या आधी.

त्यांचं सासर तेल्हाऱ्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. त्या पट्ट्यात विहीर खणली तर खारं पाणी लागतं; ते पिऊन माणसं जगतात, पण त्यात डाळ म्हणून शिजत नाही. नव्या नवरीच्या हातचं वरण कच्चं राहिलं की सासू पंगतीत ताट सरकवून द्यायची. पाणी तिच्याच विहिरीचं, पण दोष सुनेचा. त्या पाण्यापायी त्यांनी नवऱ्याला गाव सोडायला लावून अकोल्यात दुकान टाकायला लावलं होतं.

त्या पळी घेऊन बैठकीत आल्या. "हे गावचं पानी माह्या घरात कोनं आनलं?"

सासरे पाटाभोवती रांगोळीची रेघ नीट आली की नाही पाहत होते. त्यांनी वर पाहिलंच नाही. गावचं वावर कसणारा माणूस दर आठवड्याला भाजी घेऊन यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाजीसोबत कॅन यायची, हे कोणालाच नव्हतं.

"मी काय इचारून राह्यली? कोनाच्या ढोरासाठी आनलं हे?"

"टाकीसाठी," सासरे म्हणाले.

मेहुणीने टाकीकडे वळून पाहिलं.

"टाकीतलं पानी उन्हानं कमी होऊन राह्यलं होतं," ते म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा कणा ताठ झाला. "खारं पानी उडालं, मी खारं टाकलं. त्यात काय चुकलं? आपल्या इहिरीत फुकट खारं पानी हाय, आन् जवाई पुन्याहून मिठाची बादली आनते! पोवयं जोमात आलं असतं तं सांगनारच होतो मी समद्याईले, का हे आपल्या इहिरीचं होय म्हनून."

मेहुणी भिंतीला टेकली. "बाबा, ऊन लागलं की पाणी उडतं. मीठ तिथंच राहते. वरून तुमी खारं घातलं, म्हणजे मीठ चढतच गेलं. आन् विहिरीचं खारं आन् समुद्राचं खारं एक नसते हो. कधीपासून घालता?"

"उन्हाया लागल्यापासून. सकायी. हे झोपले राहत तवा."

"पोवळं मिटायला लागलं ते दिसलं नाही तुम्हाले?"

"दिसलं ना," सासरे म्हणाले. आणि पुढचं वाक्य मी मरेपर्यंत जपून ठेवणार आहे. "फरक पडून नोयता राह्यला, म्हनून मंग डोस वाढवला."

मी टाळीसाठी हात उचलला होता. बायकोने तो हवेतच धरला.

मेहुणी टाकीपाशी गेली. हिरव्या पोवळ्याच्या जागी करडा थर होता. तिने काचेला नाक लावलं. त्या थरावर, दगडाच्या खाचेतून निघालेले, पांढुरके ठिपके बसले होते. चिमट्यातून निसटलेले अर्धे, कोळंबीला न सापडलेले. एकाला दोन मोठे पाय आणि तीन कोवळे. सडलेलं ते सावकाश खात होते. बाकी टाकीत त्या घाणीला कोणी हात लावला नव्हता.

"टाकी कुठंच नाई जानार," सासूबाई म्हणाल्या. "आइकून राहिले? जाईन तं तुमची कॅन जाईन. आन् ते मातीचे पोते आजच्या आज खाली आना, तुमच्या हातानं." मग त्यांच्या पळीचा रोख माझ्याकडे वळला. "आन् तुमी, मोठे जवाई, बाजारातून चांगल्या पान्याची कॅन आना. दात काढून नोका राहू."

मी मागच्या दाराने जाऊन कॅन आणली. डाळ नव्याने शिजली. पुरण झालं, धोंडे झाले, पंगत मांडली. माझे पाय धुतले गेले, मला दिव्याचं वाण मिळालं, मी अनारशांची स्तुती केली. सासूबाई दुसरा पाट पाहून दचकल्या. "अवो, धाकले जवाई कुठं हायेत?"

तो उन्हातच होता. त्याला हाक मारायचं सगळेच विसरलो होतो. मेहुणी धावत दाराशी गेली. तो कडुनिंबाखाली नव्हता, दारालाच टेकून उभा होता, खिडकीशेजारी. कूलर चालायला खिडकी उघडी ठेवावी लागते. कूलर असलेल्या घरातलं भांडण गल्लीला तिकीट न काढता ऐकता येतं. पिवळा शर्ट पाठीला चिकटला होता. तो किती वेळ तिथे होता, हे मी विचारलं नाही. चेहऱ्यावरून कळत होतं, की पळी बाहेर आली तेव्हापासून.

तो आत आला. टाकीकडे त्याने पाहिलं आणि तिच्यापाशी न थांबता पुढे गेला. पिशवी मेहुणीच्या हातात दिली आणि पाहुण्यासारखा पाटावर बसला. समोर परात ठेवली. सासरे खाली बसले. ऑपरेशननंतर त्यांना खाली बसायला त्रास होतो, एरवी त्यांना हात धरून तोच बसवायचा. आज त्याने हात दिला नाही. सासऱ्यांनी तांब्या उचलला. सगळं घर पाहत होतं; सासूबाई पळी घेऊन, माझी बायको तोंडाला पदर लावून, मी मान पुढे काढून.

पाण्याची धार पडणार, इतक्यात साडूने दोन्ही पाय परातीतून वर उचलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांच्या डोळ्यांत बघत, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"बाबा, आधी सांगा. हे पाणी नळाचं, की गावचं?"